पहाटेची यादी: एका संगीतसंग्रहाचं स्थलांतर

मिरजेला काकांच्या घरात पहाटे साडेचारला दिवा लागतो आणि पाचच्या सुमाराला ललत राग. गेली कितीतरी वर्षं हे असंच चालू आहे. संगणक सुरू करायचा, आयट्यून्स उघडायचं, डाव्या बाजूला 'पहाट सोम', 'पहाट मंगळ' अशा ज्या याद्या आहेत त्यांतली त्या वाराची यादी लावायची आणि चहाचं आधण ठेवायला आत जायचं. ललत संपून भटियार सुरू होईपर्यंत चहा पिऊन झालेला असतो. तोडी लागली की बाहेर उजाडलेलं असतं.

गेल्या दिवाळीत तो संगणक दोनदा बंद पडला. दुसऱ्यांदा सुरू झाला तेव्हा काकांनी मला फोन केला. "गाणी सगळी फोनमध्ये घालून दे," म्हणाले, "आणि माझ्या याद्या जशाच्या तशा हव्यात. क्रम हलता कामा नये."

पहिलं वाक्य म्हणजे एका दुपारचं काम. दुसऱ्या वाक्याला मला सव्वादोन महिने लागले. ते का लागले, कुठे चुकलं आणि शेवटी कोणत्या वाटेने जमलं, ते सविस्तर लिहिते आहे. आपल्याकडे घरोघरी असे संग्रह आहेत. कॅसेटवरून उतरवलेले, कुणा मित्राने पेनड्राइव्हवर दिलेले, आणि सगळे एखाद्या जुन्या संगणकातल्या एकाच प्रोग्रॅमच्या भरवशावर पडलेले.

आधी संग्रहाबद्दल. मिरज म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचं गाव. १८७२ ते १९३७ हा त्यांचा काळ. किराणा घराण्याचं हे मोठं नाव इथेच राहिलं आणि इथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. उरुसात तिथे रात्र-रात्र गाणं होतं. काका तरुणपणापासून त्या सभांना जात आले. परवानगी घेऊन, कोपऱ्यात बसून त्यांनी टेपरेकॉर्डरवर जे टिपलं ते फक्त स्वतः ऐकण्यासाठी. कुठे वाटलं नाही, कुठे चढवलं नाही. शिवाय विकत घेतलेल्या कॅसेट होत्या: भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर, जितेंद्र अभिषेकी. निवृत्तीनंतर त्यांनी हे सगळं एकेक कॅसेट लावून संगणकात उतरवलं. एकूण २,५०४ फाइली. त्यांतल्या २,११८ एमपी३ आणि ३८६ वेव्ह, म्हणजे आवाज जसा आला तसा, न दाबता साठवलेला.

कॅसेटची एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. मैफलीतला विलंबित ख्याल काही ४५ मिनिटं बघून संपत नाही. त्यामुळे काकांच्या कितीतरी रेकॉर्डिंगमध्ये 'ए' बाजू तानेच्या मध्यावर तुटते आणि उरलेलं 'बी' बाजूवर येतं. म्हणून यादीतला क्रम ही इथे हौसेची बाब नाही. 'बी' बाजू 'ए'च्या मागोमागच लागली पाहिजे, नाहीतर राग अर्ध्यात लोंबकळतो.

यादीत गाणी नसतात

हे आधी नीट समजून घेतलं असतं तर माझे पहिले दहा दिवस वाचले असते. प्लेलिस्ट म्हणजे पत्त्यांचा कागद. अमक्या ड्राइव्हवर, तमक्या फोल्डरात, या नावाची फाइल, मग पुढची, मग तिच्या पुढची. गाणं तिथून हललं किंवा त्याचं नाव बदललं की कागदावरचा पत्ता खोटा ठरतो. आणि आयट्यून्ससारख्या प्रोग्रॅममध्ये हा कागदही सुटा नसतो, तो त्याच्या स्वतःच्या लायब्ररी फाइलमध्ये असतो. तारे, किती वेळा ऐकलं याची मोजणी, कोणत्या दिवशी घातलं ती तारीख हे सगळंही तिथेच. गाण्यांचं फोल्डर उचलून दुसरीकडे नेलं तर यातलं काहीच बरोबर येत नाही.

मला हे ऐकून माहीत होतं, पण अंगवळणी पडलेलं नव्हतं. काकांच्या फाइलींची नावं बघून मला राहवेना. 'ट्रॅक ०१', 'न्यू रेकॉर्डिंग ३', 'भीमसेन ललत फायनल २'. मी एमपी३टॅग हा फाइलींची नावं आणि माहिती बदलायचा प्रोग्रॅम उघडला आणि पहिल्याच संध्याकाळी जवळपास सहाशे फाइलींना एका साच्यात नवी नावं दिली: आधी राग, मग गायक, मग वर्ष. फोल्डर इतकं देखणं दिसायला लागलं की मी त्याचा फोटो काढून काकांना पाठवला. सकाळी त्यांचा फोन. "अगं, नावांपुढे सगळीकडे उद्गारचिन्हं आली आहेत. ललत लागतच नाही."

प्रोग्रॅमला फाइल सापडली नाही की तो त्या नावापुढे तसं चिन्ह दाखवतो. सहाशे पत्ते मी एका रात्रीत खोटे केले होते. नशिबाने हात लावण्याआधी पूर्ण संग्रहाची एक प्रत, लायब्ररी फाइलसकट, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली होती. ती परत आणली आणि दोन दिवस कशालाही हात लावला नाही.

त्यानंतर कामाचा क्रम पूर्ण उलटा केला. आधी याद्या बाहेर काढायच्या, मग नव्या प्रोग्रॅममध्ये त्या सुखरूप पोचल्या की नाही ते मोजायचं, आणि साफसफाई अगदी शेवटी, तीही अशा प्रोग्रॅममधून जो फाइल हलवतो तेव्हा आपल्या यादीतला पत्ताही बदलतो. नवा प्रोग्रॅम म्हणून मी म्यूझिकबी निवडलं. ते फुकट आहे, विंडोजवर हलकं चालतं, आणि आयट्यून्सची लायब्ररी एक्सएमएल फाइलमधून (दुसऱ्या प्रोग्रॅमनाही वाचता येणाऱ्या मजकुराच्या फाइलमधून) वाचून याद्या आणि तारे दोन्ही उचलतं. आयट्यून्सच्या नव्या आवृत्त्यांत ही एक्सएमएल फाइल आपोआप तयार होत नाही. प्रगत पसंतींमध्ये जाऊन, लायब्ररीची एक्सएमएल इतर प्रोग्रॅमना उपलब्ध करण्याची खूण करावी लागते. शिवाय 'मीडिया फोल्डर नीटनेटकं ठेवा' ही खूण असली तर ती आधी काढायची. ती चालू असताना गाण्याचं शीर्षक बदललं की फाइलचं नावही बदलतं आणि बाहेर काढलेल्या याद्यांतले पत्ते तुमच्या नकळत खोटे होतात.

मोजणीचा आकडा मी वहीत लिहून ठेवला: हाताने केलेल्या २३ याद्या, त्यांत मिळून ४१२ नोंदी. पुढच्या प्रत्येक पायरीवर हेच दोन आकडे आले पाहिजेत.

सहा याद्या मात्र नियमांवर चालणाऱ्या होत्या, म्हणजे 'चार तारे किंवा जास्त आणि महिनाभरात न ऐकलेलं' अशा धर्तीच्या. त्या नियमासकट दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेता आल्या नाहीत. निर्यात करायला गेलं तर त्या दिवशी त्यांत जे असेल तेवढं गोठून येतं, नियम मागेच राहतो. त्या सहांचे नियम कागदावर उतरवून नव्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा मांडले. अर्ध्या तासाचं काम.

प्रश्नचिन्हं

एक्सएमएलचा रस्ता असला तरी प्रत्येक यादीची एक सुटी प्रतही काढून ठेवावी असं मला वाटलं, आणि आजही वाटतं. एम३यू हा त्यासाठीचा जुना आणि जवळजवळ सगळीकडे चालणारा प्रकार. साधी मजकुराची फाइल, एका ओळीत एक पत्ता. नोटपॅडमध्ये उघडता येते, वाचता येते, हाताने दुरुस्त करता येते.

मी साधा एम३यू पर्याय निवडून यादी काढली आणि नोटपॅडमध्ये उघडली. इंग्रजी नावं जशीच्या तशी होती. उरुसाच्या फोल्डरांची नावं मात्र काकांनी हौसेने देवनागरीत ठेवलेली, आणि त्या सगळ्या ओळींत नुसती प्रश्नचिन्हांची रांग.

कारण असं. साध्या एम३यूमध्ये अक्षरं त्या संगणकाच्या जुन्या संकेतपानातून, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक ते ठरवणाऱ्या तक्त्यातून, लिहिली जातात. विंडोजमध्ये मराठीला तसं जुन्या पद्धतीचं संकेतपान कधी नव्हतंच. मराठी तिथे थेट युनिकोडमधून, म्हणजे सगळ्या लिपींच्या सामाईक तक्त्यातून, आली. त्यामुळे देवनागरी अक्षर लिहायला जागाच सापडत नाही आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्ह पडतं. गंमत बाजूला ठेवली तरी विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, म्हणजे ती प्रत्येक ओळ कायमची मेलेली. उपाय एका अक्षराचा आहे: एम३यू८. शेवटचा ८ म्हणजे यूटीएफ-८, युनिकोड अक्षरं साठवायची एक पद्धत. त्यात देवनागरी सुखरूप राहते. मराठीत फाइलींची नावं ठेवणाऱ्याने दुसऱ्या कुठल्याही पर्यायाकडे वळू नये.

वेव्ह फाइलींच्या पोटात काही नव्हतं

काका प्रत्येक रेकॉर्डिंगला टीप लिहीत. त्या टिपा वाचताना मला हे काम किती मोलाचं आहे ते खरं कळलं. 'तबल्याचा आवाज लांबून येतो, मी खांबामागे बसलो होतो.' 'इथे वीज गेली, सहा मिनिटं नाही.' 'अंतरा ऐकण्यासारखा.' साथीला कोण, कुठली रात्र, कोणाबरोबर गेलो होतो. शंभर गाणी हरवली तरी कुठेतरी मिळतील. या टिपा दुसऱ्या कोणाकडेच नाहीत.

एमपी३ फाइलींच्या टिपा फाइलच्या आतच, टॅगमध्ये, म्हणजे गाण्याच्या माहितीसाठी फाइलमध्ये असलेल्या रकान्यांत होत्या. वेव्ह फाइली मी नव्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या तर ३८६च्या ३८६ कोऱ्या. गायक नाही, राग नाही, टीप नाही. आयट्यून्स वेव्ह फाइलच्या आत टॅग लिहीत नाही. त्या फाइलींबद्दल आपण जे भरतो ते सगळं फक्त लायब्ररीत राहतं. पंधरा वर्षांच्या टिपा एकाच लायब्ररी फाइलमध्ये होत्या, आणि ती फाइल दोनदा बंद पडलेल्या संगणकावर.

इथे मी मजकुराची निर्यात वापरली. सगळ्या वेव्ह फाइलींची एक यादी केली आणि ती युनिकोड मजकूर म्हणून बाहेर काढली. त्यात प्रत्येक फाइलची एक ओळ येते आणि नाव, गायक, गट, टीप, तारे, फाइलचा पत्ता असे रकाने टॅबने वेगळे केलेले असतात. ती स्प्रेडशीटमध्ये उघडली. वेव्ह फाइलींची फ्लॅकमध्ये रूपांतरं केली. फ्लॅकमध्ये आवाजाचा कणही कमी होत नाही, जागा खूपच कमी लागते, आणि टॅग व्यवस्थित राहतात. सीडीच्या दर्जाने उतरवलेली ४५ मिनिटांची एक बाजू वेव्हमध्ये सुमारे ४७५ एमबी होते, तेव्हा फोनच्या कार्डाचा विचार करता हे करावंच लागणार होतं. मग एमपी३टॅगमधल्या 'मजकूर फाइलवरून टॅग' या सोयीने पहिली ओळ पहिल्या फाइलला, दुसरी दुसरीला, अशा टिपा भरल्या.

पहिल्या खेपेला सगळं एका घराने सरकलं. एका फाइलची टीप कोरी होती, आणि स्प्रेडशीट साफ करताना ती कोरी ओळ मीच उडवली होती. तिथून पुढे प्रत्येक टीप शेजारच्या फाइलवर जाऊन बसली. मारव्यावर क्लिक केलं तर टिपेत 'मालकंस, दुसरा प्रहर उलटून गेल्यावर' असं दिसलं, म्हणून तरी लक्षात आलं; नाहीतर ते तसंच राहिलं असतं आणि काकांना कधीतरी वाटलं असतं की आपल्याच आठवणीत घोळ आहे. दुसऱ्या खेपेला मी प्रत्येक टिपेच्या आधी फाइलचं नावही घातलं. भरल्यावर नाव आणि टीप जुळतात हे चाळून पाहिलं, आणि मगच ती नावं काढली.

याद्यांमधले पत्ते अजून वेव्हचेच होते. पण यादी हा साधा मजकूर असल्याने हे सगळ्यात सोपं ठरलं. म्यूझिकबीमधून याद्या एम३यू८ करून काढल्या, मजकूर संपादकात उघडल्या आणि ओळीच्या शेवटी असलेला वेव्हचा प्रत्यय शोधून त्या जागी फ्लॅकचा घातला. तेवीस याद्या, पाच मिनिटं. पुन्हा आत घेतल्या आणि मोजलं: ४१२.

ताऱ्यांबद्दलही सांगायला हवं. मी धरून चालले होते की पाच तारे म्हणजे आवडतं आणि एक म्हणजे नावडतं. एका रविवारी सहज विचारलं तेव्हा काका म्हणाले, "छे, एक तारा म्हणजे आवाज खराब आहे. गाणं उत्तम. पाच म्हणजे अभ्यासाला घ्यायचं." मी एक ताऱ्याच्या फाइली फोनवर घ्यायच्याच नाहीत असं ठरवलं होतं! तारे एम३यूमधून जात नाहीत, आणि गेले तरी त्यांचा अर्थ बरोबर जात नाही. म्हणून मी ते शब्दांत लिहिले. टिपेच्या सुरुवातीला 'आवाज खराब' किंवा 'अभ्यासाला'. शब्द कुठलाही प्रोग्रॅम वाचतो.

राग कुठल्या रकान्यात लिहायचा

ही सगळी रचना मुळात अल्बम, गायक, गाणं अशा विचाराने बनलेली आहे. आपल्या संगीतात माणूस शोधतो तो राग. त्यासाठी तयार रकाना नाही. स्वतःचा नवा रकाना करता येतो, पण तो सगळे प्रोग्रॅम दाखवत नाहीत. आम्ही 'गट' हा रकाना रागाला दिला, कारण तो जुन्या-नव्या बहुतेक ठिकाणी दिसतो. प्रकाराच्या जागी ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, अभंग. अल्बमच्या जागी कॅसेटचं नाव किंवा सभेची रात्र. ताल आणि साथ टिपेत.

गायकांच्या नावांत मी एक नियम लावला: 'पं.' आणि 'उ.' नावाच्या आधी लिहायचं नाही. आदर कमी म्हणून नव्हे. पण अर्धे 'पं.'सकट, अर्धे 'पं.'शिवाय असले की एकच गायक दोन जागी दिसतो, आणि सगळ्यांना 'पं.' लावलं की यादीत निम्मा संग्रह 'प' अक्षराखाली गोळा होतो. काकांना हे पटायला दोन फोन लागले. आता पदवी टिपेत पूर्ण शब्दात आहे.

रागांच्या नावांची तर वेगळीच कथा. मालकंस पाच प्रकारे लिहिलेला होता: मराठीत दोन, रोमनमध्ये तीन. भूप आणि भूपाळी, तोडी आणि मियाँ की तोडी, सगळे वेगवेगळे पडलेले. मी जोरात एकत्र करायला लागले आणि त्या ओघात 'यमन' आणि 'यमन कल्याण' हेही एक केले. काकांनी यादी पाहिली आणि म्हणाले, "हे तू काय केलंस? यमन कल्याणात शुद्ध मध्यमही येतो. ऐक." आणि फोनवरच त्यांनी दोन ओळी गाऊन दाखवल्या, शुद्ध मध्यमाला हळूच स्पर्श करून परत गंधारावर येत. मी ते सतरा रेकॉर्डिंग पुन्हा सुटे केले. नावांचं एकत्रीकरण जाणकाराला विचारल्याशिवाय करू नये हे मी तिथे शिकले. गुजरी तोडीला तोडीत ढकलायच्या बेतात होते, ते राहिलं.

एमपी३ फाइलींचे टॅग आयडी३ या टॅग लिहिण्याच्या पद्धतीच्या २.३ आवृत्तीत, यूटीएफ-१६मध्ये (युनिकोड साठवायची दुसरी पद्धत) लिहिले. २.४ अधिक नवी आहे आणि तिच्यात यूटीएफ-८ चालतं, पण जुनी यंत्रं २.३ जास्त खात्रीने वाचतात. सगळ्यात जुन्या आयडी३ टॅगमध्ये शीर्षकाला अवघे ३० बाइट असत. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे मात्रा-अनुस्वार धरून दहा चिन्हं. 'पूरिया धनाश्री'सुद्धा पुरती मावली नसती.

ऱ

सगळं जमलं असं वाटत असताना एका सकाळी मोजणी ३९७ आली. पंधरा नोंदी गेल्या होत्या.

मधल्या काळात एक झालं होतं. काकांचा मुलगा पुण्यात असतो, त्याच्याकडे जुना मॅक आहे. उरुसाची तीन फोल्डर्स त्याने पूर्वीच नेली होती आणि त्यातली टेपची खरखर थोडी काढली होती. त्याने ती झिप करून पाठवली, मी आतल्या जुन्या फाइली काढून त्यांच्या जागी उघडली. आणि फोल्डर उघडून पाहिलं तर समोर 'दुसऱ्या रात्रीची सभा' या नावाची दोन फोल्डर्स शेजारी-शेजारी. एका जागी एकाच नावाची दोन फोल्डर्स असू शकत नाहीत. म्हणजे नावं एक दिसत होती, पण एक नव्हती. 'पहिली रात्र' आणि 'तिसरी रात्र' ठीक होती. फक्त 'दुसऱ्या'.

मी दोन्ही नावं अक्षर-अक्षर सुटी करून पाहिली. काकांच्या नावात 'ऱ' हे एक अक्षर होतं, युनिकोडमध्ये त्याला स्वतःचा क्रमांक आहे. मॅकवरून आलेल्या नावात तिथे दोन चिन्हं होती: साधा 'र' आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. पडद्यावर दोन्ही सारखेच. मॅकची जुनी फाइलरचना, एचएफएस प्लस, नावातली अशी अक्षरं सुटी करून साठवते. २०१७पासूनची नवी रचना तसं करत नाही. विंडोज नाव जसं येईल तसं ठेवतं, दोघांची तुलना करत नाही. यादीत जुनं 'ऱ', फोल्डरात सुटा 'ऱ'. पत्ता चुकला. यात चूक कोणाची अशी नाही, दोन्ही लेखनं युनिकोडच्या नियमाने सारखीच मानली जातात.

शिवाय तिसरं लेखनही आहे: 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. काही कळफलकांवर 'दुसऱ्या', 'किनाऱ्यावर', 'वाऱ्याने' हे शब्द तसे उमटतात. ते तर युनिकोडच्या नियमानेही पहिल्या दोघांशी एक नाही. म्हणजे आपल्या भाषेतला एक रोजचा उच्चार तीन प्रकारे लिहिला जातो, तिन्ही डोळ्यांना सारखे, आणि शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. हे मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं, संगीताचा संबंध असो वा नसो.

तोपर्यंत मी फाइलींची नावंही देवनागरीतच हवीत या मताची होते. इथे मत बदललं. टॅग, याद्यांची नावं, टिपा सगळं देवनागरीत. डोळ्यांना दिसतं ते सगळं मराठी. पण फाइलचं आणि फोल्डरचं नाव साध्या रोमन अक्षरांत, कारण ते माणसाने वाचायचं नसतं, यंत्राने शोधायचं असतं. म्यूझिकबीच्या फाइल-मांडणीतून नावं बदलली, त्यामुळे याद्यांतले पत्तेही बरोबर बदलत गेले. मोजलं: ४१२.

फोनवर नेण्याचं काम त्यानंतर सरळ झालं. याद्या संगीताच्या मूळ फोल्डरातच ठेवल्या आणि पत्ते सापेक्ष केले, म्हणजे 'डी ड्राइव्हवर अमुक' असं न लिहिता 'इथून आत अमुक फोल्डरात'. ड्राइव्हचं अक्षर बदललं, कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी बिघडत नाही. विंडोजच्या पत्त्यांतली उलटी तिरकी रेघ बदलून सगळीकडे सरळ तिरकी रेघ केली. अँड्रॉइडला उलटी रेघ कळत नाही आणि विंडोजला दोन्ही चालतात. १२८ जीबीच्या कार्डात सगळं बसलं. फोनवर व्हीएलसी हे गाणी वाजवणारं ॲप घातलं, त्याने याद्या स्वतःच ओळखल्या.

मग मी चार संध्याकाळी नुसते सांधे ऐकले. प्रत्येक यादीत जिथे 'ए' बाजू संपून 'बी' सुरू होते, तिथली शेवटची दहा सेकंदं आणि पुढची दहा. 'पहाट गुरू'मध्ये ललताची तान कोमल ऋषभावर तुटते, क्षणभर शांतता, आणि तीच तान पुढे उतरत षड्जावर येते. तो सांधा जसाच्या तसा होता.

मकर संक्रांतीच्या आदल्या दिवशी मिरजेला जाऊन फोन दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती आतल्या खोलीतून येणाऱ्या ललताने. काका फोन टेबलावर उपडा ठेवून डोळे मिटून बसले होते. भटियार लागला तेव्हा त्यांनी मान हलवली. तोडी सुरू झाल्यावर म्हणाले, "ही मागच्या आठवड्यात मी खाली सरकवली होती. तिच्या आधी रामकली हवी."

बरोबर होतं. मी एक्सएमएल काढली त्यानंतर त्यांनी जुन्या संगणकावर यादी बदलली होती. नोटपॅडमध्ये 'पहाट मंगळ' उघडून मी दोन ओळी वर-खाली केल्या आणि जपून ठेवल्या.

४१ फाइलींचा राग अजून कोरा आहे, कारण काकांनीही तो तेव्हा लिहिला नव्हता. आता रोज जेवण झाल्यावर ते दोन ऐकतात आणि मला फोनवर सांगतात. काल एका रेकॉर्डिंगबद्दल म्हणाले, उद्या परत ऐकतो, जोगकंस आहे की चंद्रकंस ते नक्की करून मगच लिही.